कूलर चालू, खिडकी उघडी

सुरुवातीला मागे जी घरघर ऐकू आली, ती तुमच्या हेडफोनची चूक नाही. तो आमच्या मानेवाड्याच्या घरातला कूलर. एरवी रेकॉर्डिंगच्या वेळी मी तो बंद करतो आणि घामाघूम होऊन बोलतो. आज त्यालाही थोडं बोलू दिलं, कारण आजचा भाग त्याच्यावरच आहे.

नागपूरबाहेरच्या लोकांसाठी आधी एवढं सांगतो. आमच्याकडे होळी झाली की कूलर निघतात. पत्र्याचा चौकोनी डबा, तीन बाजूंना ताट्या, चौथ्या बाजूला पंखा, खाली पाण्याची टाकी आणि तिच्यात मुठीएवढा पंप. हा डबा खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसतो, तोंड घरात. पाऊस येईपर्यंत तो घरातला माणूसच असतो. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. त्याला एवढा मान का, ते यावरून समजा.

माझी गोष्ट पुण्याहून परत आल्यावर सुरू होते. चार वर्षं एसीच्या ऑफिसात काढली, मग घरून काम करायची सोय झाली. माझ्या खोलीसाठी मी चाकांचा प्लॅस्टिकचा कूलर घेतला, पलंगाशेजारी ठेवला आणि दार-खिडकी गच्च बंद केली. आई येता-जाता दार उघडायची. मी म्हणायचो, ‘आई, गार हवा बाहेर चालली ना!’ ती म्हणायची, ‘काय करून राहिला रे? जीव घुसमटून राहिला इथं. तो डबा खिडकीत ठेव अन् दार उघडं टाक.’

बीटेक मी केलंय, तिनं नाही. बरोबर ती होती.

हे मला मान्य करायला दोन सेन्सर लागले. ईएसपी३२ चं एक बोर्ड आणि डीएचटी२२ चे दोन सेन्सर घरात पडूनच होते. एक गच्चीच्या कठड्यावर लावला, एक खोलीत. गच्चीवरच्यानं पहिल्याच दुपारी ५१ अंश दाखवले. मी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकायच्या बेतात होतो, तेवढ्यात लक्षात आलं की सेन्सर थेट उन्हात आहे, म्हणजे तो हवेचं नाही, स्वतःच्या तापलेल्या अंगाचं तापमान सांगतोय. हवेचं तापमान सावलीत, वारा खेळता ठेवून मोजायचं असतं. मे २०२४ ची ती ५६ अंशांची बातमी आठवते? नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राचा आकडा देशभर फिरला, आणि नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. मला तेव्हा फार हसू आलं होतं. आता येत नाही.

सेन्सर सावलीत आणल्यावर बाहेर ४३.६ अंश आणि आर्द्रता १४ टक्के. खोली बंद करून तासभर कूलर चालवला तर आत ३०.५ अंश, पण आर्द्रता ८२ टक्के. दुसऱ्या दिवशी साधारण तशाच उन्हात कूलर खिडकीत, समोरचं दार उघडं: २९.२ अंश, ६२ टक्के. तापमानात फरक सव्वा अंशाचा. अंगाला मात्र दोन वेगळी शहरं वाटली.

कारण सोपं आहे. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकतो, म्हणून त्याला बंद खोली लागते. कूलर काहीच बाहेर फेकत नाही. तो पाण्याची वाफ करतो आणि त्या वाफेला लागणारी उष्णता हवेतूनच घेतो. म्हणजे हवा गार होते, पण तेवढीच ओलीही होते. ही ओली हवा कुठूनतरी बाहेर गेली पाहिजे. नाहीतर कूलर तीच ओली हवा पुन्हा पुन्हा ताटीतून ओढतो, आणि ओल्या हवेत वाफ होणार तरी किती? वर आपला घामही वाळत नाही. आई ज्याला घुसमट म्हणत होती ती हीच. जुन्या घरांत भिंतीला वर झरोके असायचे ते उगाच नाही.

आता आकडे, कारण मला त्यांची हौस आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. आमचा हॉलमधला पत्र्याचा कूलर भर दुपारी तासाला दहा लिटर पाणी सहज पितो. म्हणजे साडेसहा किलोवॉटच्या वर उष्णता शोषली जाते, आणि पंखा-पंप मिळून वीज खातात दोनेकशे वॉट. दीड टनाचा एसी साधारण सव्वापाच किलोवॉट काढतो आणि त्यासाठी दीड किलोवॉटच्या आसपास वीज घेतो. पण इथे एक गोम आहे. कूलरची बरीचशी मेहनत बाहेरची ४४ अंशांची हवा माणसात आणण्यातच जाते, एसी आतलीच हवा फिरवतो. त्यामुळे ‘कूलर एसीपेक्षा भारी’ असं म्हणू नका. विजेच्या बिलापुरतं म्हणा.

मग हवा किती गार होऊ शकते? थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घाला, जो आकडा येतो ते ‘ओलं तापमान’. कूलर त्याच्या खाली जाऊच शकत नाही. नागपुरात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओलं तापमान येतं २३ च्या आसपास. चांगला कूलर मधल्या अंतराच्या ८० टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे तोंडाशी २७ अंशांची हवा. तोच कूलर मुंबईत न्या. तिथे ३४ अंश आणि ६५ टक्के असेल तर ओलं तापमान २८ च्या वर. कूलर जेमतेम चार-साडेचार अंश उतरवणार आणि वर आणखी चिकचिक देणार. माझा एक मित्र खरंच इथून ठाण्याला कूलर घेऊन गेला होता. आता त्यात तो कांदे ठेवतो.

फोनवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये आर्द्रता दिसतेच. वीसच्या खाली असेल तर कूलरचा दिवस. पन्नासच्या वर गेली की नुसता पंखा लावा आणि पंप बंद ठेवा. माठातल्या पाण्याचंही गणित हेच. तो झिरपतो, वरचं पाणी उडतं, आतलं गार होतं. ऑगस्टमध्ये तोच माठ नुसतं मडकं होतो.

टाकीत बर्फ टाकणाऱ्यांसाठी एक वाईट बातमी. किलोभर बर्फ वितळून त्याचं पाणी टाकीतल्या पाण्याइतकं कोमट होईपर्यंत साडेचारशे किलोज्यूलही घेत नाही. तेवढंच पाणी वाफ होताना त्याच्या पाचपट घेतं. तसंही टाकीतलं पाणी फिरता फिरता स्वतःच ओल्या तापमानाजवळ येतं. बर्फ कैरीच्या पन्ह्यात टाका.

ताट्यांबद्दल लोक कॉमेंटमध्ये भांडतात, म्हणून थोडक्यात माझं मत. वाळा, म्हणजे खस, सगळ्यात जुना. ‘ऐन-ए-अकबरी’तही खसच्या खोल्यांचा उल्लेख आहे. वास त्याचाच. वुडवूल स्वस्त, पण ते खाली बसतं, वर फट पडते, आणि त्या फटीतून गरम हवा फुकटात आत येते. मधाच्या पोळ्यासारख्या कागदी ताट्या जास्त टिकतात, हवा सारखी भिजवतात. मी त्या लावल्या. आजीला वास नाही म्हणून करमत नाही. मग एका बाजूला वाळा ठेवला.

आणि ती घरघर. पंख्याचा आवाज सगळ्या पट्ट्यांत सांडलेला असतो, पण मोटरचा गुणगुणाट आपल्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे बरोबर १०० हर्ट्झवर येतो. पेटीवर ती खालची पांढरी पाच, किंचित चढी. कॉलेजात होस्टेलला एकानं कूलर लावून गिटार जुळवली होती. कार्यक्रमाला कूलर नव्हता, मग काय झालं ते विचारू नका.

(इथे कूलर बंद केला.)

आता ज्यासाठी हा भाग केला ते. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या पेपरांत कूलरचा शॉक लागून कुणी गेल्याची बातमी असते. मी बारावीत होतो तेव्हा भाड्याच्या घरात अनवाणी, ओल्या फरशीवर उभा राहून कूलरमध्ये बादलीनं पाणी टाकत होतो. हात पत्र्याला लागला आणि चिकटला. बाबांनी मेन स्विच पाडला म्हणून आज बोलतोय. नंतर इलेक्ट्रिशियननं सॉकेट उघडलं तर तीन छिद्रं होती, पण अर्थिंगच्या छिद्रामागे वायरच नव्हती.

मला तेव्हा पडलेला प्रश्न असा की एमसीबी का नाही पडला? कारण त्याचं काम वायर वाचवणं आहे, माणूस वाचवणं नाही. ओल्या शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला तर २३० व्होल्टला पाव ॲम्पियरपेक्षाही कमी प्रवाह वाहतो. जीव घ्यायला तो भरपूर आहे, पण १६ ॲम्पियरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो, ३० मिलिॲम्पियरचा. तो फक्त टॅली करतो: फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का? हिशोबात ३० मिलिॲम्पियर कमी पडले, म्हणजे ते कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असतील, तर क्षणार्धात लाइन तोडतो. त्याच्यावर ‘टेस्ट’चं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आला तर त्याचा हिशोब बरोबरच येतो, तेव्हा तो वाचवत नाही. आणि अर्थिंग त्याच्यासोबत हवंच.

पाणी टाकताना नुसतं बटण बंद करू नका, प्लग उपसा. वायरिंग उलटं असेल तर बटण न्यूट्रल तोडतं आणि कूलरमध्ये फेज तसाच राहतो. पायात कोरडी चप्पल घाला. टेस्टर घेऊन स्वतः सॉकेट उघडू नका, इलेक्ट्रिशियनला शंभर प्रश्न विचारा.

आमच्याकडे आरसीसीबी बसवला त्याच मे महिन्यात रात्री दोनला तो पडला. वर केला, पुन्हा पडला. सगळं घर उकाड्यात जागं, आणि शिव्या मला. बाबा म्हणाले, ‘तुझं ते यंत्र काढून टाक, झोपू दे.’ मी हॉलच्या कूलरचा प्लग काढला, मग तो पडला नाही. सकाळी पंप बाहेर काढला तर पाण्यात बुडालेल्या वायरचं वेष्टण नखभर सोललेलं होतं. पत्र्याला घासून घासून.

नवा पंप दुपारी बसला. जुना माझ्या टेबलावर आहे, त्याचा फोटो भागाच्या कव्हरवर टाकलाय. आता कूलर लावतो, फार गरम होऊन राहिलं. भेटू पुढच्या भागात.