जुनी जीप : लेखांक १४ – पुढची चाकं नाचतात तेव्हा

ट्रान्सफर केसच्या घुरघुरीवर या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढे ढकलतो आहे. कोल्हापूरकडच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि ते वाचल्यावर आधी यावरच लिहायला हवं असं वाटलं. त्यांच्याकडे एमएम ५४० आहे, टायर ३१ इंची, रिम बाहेर निघालेल्या. ते लिहितात, काटा पंचावन्नवर असताना एखादा खड्डा लागला की पुढची दोन्ही चाकं अशी नाचायला लागतात की स्टेअरिंग हातात राहत नाही. गॅरेजमध्ये आडवा डॅम्पर बसवून दिला, काही महिने बरं गेलं, आता पुन्हा तेच. आता दुसरा, जास्त भारी डॅम्पर टाकावा का?

टाकू नका. निदान आत्ता तरी नको.

हे चाकांचं नाचणं, ज्याला गॅरेजमध्ये सगळे वॉबलिंग म्हणतात, जीपइतकंच जुनं आहे. खरं तर जीपच्याही आधीचं. पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर असली की हा आजार संभवतोच. १९२० च्या दशकात गाड्यांचा वेग वाढला, पुढच्या चाकांनाही ब्रेक आले, टायर जाड आणि मऊ झाले, आणि अमेरिकेतले मोटार इंजिनिअर या प्रश्नाने अक्षरशः हैराण झाले. जनरल मोटर्सने १९३४ च्या मॉडेलांत पुढची चाकं एकमेकांपासून सुटी केली, त्यामागे प्रवास सुखाचा व्हावा हे कारण होतं, तसंच हे वॉबलिंगही होतं. मोटारी त्या वाटेने गेल्या. जीप गेली नाही आणि जाण्याचं कारणही नव्हतं. खडकाळ जागी एक चाक वर चढलं की अखंड ॲक्सल दुसऱ्या चाकाला खाली दाबतो, आणि ती पकड आपल्याला हवी असते. १९४१ च्या विलीजपासून माझगावात १९४९ साली जोडल्या गेलेल्या पहिल्या जीपगाड्यांपर्यंत आणि तिथून एमएम ५५० पर्यंत पुढे अखंड ॲक्सल आणि पाटे हीच मांडणी राहिली. म्हणून हा आजार समजून घेणं जीपवाल्याला चुकत नाही.

चाक का नाचतं? जोरात फिरणारं चाक बाजूला कललं की ते वळू पाहतं. कुठलंही फिरतं चाक असंच वागतं. डावं चाक उंचवट्यावर चढलं की अखंड ॲक्सल तिरका होतो, म्हणजे दोन्ही चाकं कलतात आणि दोन्ही एकाच दिशेला वळू पाहतात. टायर रस्त्याला धरून त्यांना परत आणतो, ॲक्सल उलट्या बाजूला कलतो, चाकं उलटी वळतात. असा झोका सुरू होतो. जीपचा मूळचा सहाशे-सोळाचा टायर साधारण साडेअठ्ठावीस इंचांचा असतो, आणि ताशी साठच्या वेगात तो सेकंदाला सव्वासात-साडेसात फेरे मारतो. झोक्याची लय आणि फेऱ्यांची लय जुळली की टायरच्या असंतुलनाचा बारीकसा धक्काही दर फेऱ्याला त्या झोक्यात भर घालतो. म्हणून वॉबलिंग ठरावीक वेगालाच येतं.

सगळे सांधे घट्ट असतील तर हा झोका जागच्या जागी विरतो. सांध्यात प्ले असेल, तर त्या दोन-तीन मिलिमीटरच्या मोकळ्या जागेत चाकाला धरणारं कुणीच नसतं. तिथे झोका जन्माला येतो आणि मोठा होऊन मग स्टेअरिंगपर्यंत पोचतो. डॅम्पर त्या झोक्याला वरून दाबतो, प्ले तसाच राहतो, आणि डॅम्परखाली दडून वाढतो. पत्र लिहिणाऱ्यांचे ते बरे गेलेले महिने नेमके असे गेले आहेत.

आता तपासणी. सर्वांत आधी रिमच्या आत बघा. कोकणातून किंवा ताम्हिणीच्या बाजूने चिखलातून फिरून आलात की रिमच्या आतल्या बाजूला माती थापली जाते आणि वाळून घट्ट बसते. बाहेरून गाडी धुतलेली दिसते, आत पाव-अर्धा किलो लाल माती एकाच जागी बसलेली असते. गाडीखाली शिरून, पाण्याचा फवारा मारून, लाकडाच्या काडीने खरवडून ती काढा. पावसाळ्यात मला विचारल्या जाणाऱ्या वॉबलिंगच्या तक्रारींत ही एक गोष्ट पुन्हापुन्हा निघते, आणि तिचा खर्च शून्य आहे. दोन्ही टायरमधली हवाही सारखी करून घ्या.

त्यानंतर पुढचा ॲक्सल जॅकवर घ्या आणि घोड्या लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, हे याआधीही लिहिलंय आणि पुढेही लिहीन. टायर वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरा आणि आत-बाहेर हलवा. टक-टक जाणवली तर प्ले आहे. पण कुठे? चाकाच्या बेअरिंगमध्ये की किंगपिनमध्ये? इथे एका माणसाला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबला की ड्रम आणि त्यामागची प्लेट एक होतात, चाकाच्या बेअरिंगचा प्ले बंद होतो. टक-टक थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही टक-टक चालू राहिली तर किंगपिन. या साध्या युक्तीने कित्येक लोकांचे नको ते भाग बदलण्याचे पैसे वाचलेले मी पाहिले आहेत.

किंगपिनवर जरा थांबू, कारण जीपचा पुढचा ॲक्सल तिथेच जगतो किंवा मरतो. ॲक्सलच्या टोकाला तो मोठा, अर्धगोल लोखंडी गोळा दिसतो ना, त्याच्यावर चाकाचं नकल बसतं आणि वर-खाली दोन किंगपिनांवर वळतं. प्रत्येक किंगपिनवर एक टेपर रोलर बेअरिंग असतं. त्याचा कप गोळ्यात ठोकून बसवलेला, आणि किंगपिनच्या टोपीखाली पातळ शिम. शिम काढली की बेअरिंग आवळलं जातं, घातली की सैल होतं. हे बेअरिंग नुसतं प्ले जाईपर्यंत आवळायचं नसतं, थोडं जास्तच आवळून ठेवायचं असतं. चाक वळवायला जो किंचित जडपणा लागतो, तोच वॉबलिंगला मुळात दाबून ठेवतो. कारखान्याने दिलेला खरा डॅम्पर हाच, असं मी मानतो.

गोळ्यामागे नमद्याचं आणि रबराचं सील असतं. ते झिजलं की ओढ्यातलं पाणी आत जातं. नकल उघडल्यावर ग्रीस काळं-तपकिरी निघालं तर ठीक, पांढुरकं, दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय हे नक्की. मग कप बाहेर काढून उजेडात तिरका धरा. त्याच्या आतल्या बाजूला रोलरच्या जाडीच्या बारीक रेघा उमटलेल्या दिसतील आणि त्यांवर नख अडकेल. जीपचं बहुतेक आयुष्य सरळ रस्त्यावर जातं, त्यामुळे रोलर त्याच जागी आपटत राहतात आणि तिथेच खळगे पडतात. बेअरिंग सरळ चाकाला सैल आणि वळलेल्या चाकाला घट्ट, असं होऊन बसतं. अशा बेअरिंगमधली शिम काढून ते आवळलं, तर सरळ चाकाला ठीक वाटतं आणि वळणावर स्टेअरिंग अडकतं, परत येत नाही. घाटात हे वॉबलिंगपेक्षाही वाईट. म्हणून खळगे दिसले की कप आणि कोन दोन्ही, वरचे आणि खालचे, चारही ठिकाणचे बदला. नुसता कोन बदलून जुना कप ठेवणारे मिस्त्री आहेत. ती पैशांची बचत नाही.

बसवताना टाय रॉड सोडवलेला, ॲक्सल शाफ्ट बाहेर आणि सील काढलेलं असावं. सीलचं घर्षण मोजमापात आलं की आकडा चुकतो. मग नकलच्या आर्मच्या भोकात ताणकाटा अडकवून सावकाश ओढा आणि नकल वळायला लागल्यावर काट्यावर किती ओढ दिसते ते वाचा. आपल्या ॲक्सलच्या मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा येईपर्यंत शिम कमी-जास्त करा, आणि वरच्या-खालच्या बाजूला शिमांची जाडी शक्यतो सारखी ठेवा, म्हणजे ॲक्सल शाफ्ट गोळ्याच्या मध्यातून जातो. आमचे साताऱ्याचे मिस्त्री ताणकाट्याशिवाय, आर्म दोन बोटांनी ढकलून सांगायचे, आणि मी मागाहून काटा लावला की आकडा बरोबर निघायचा. त्यांचा हात आपल्याला नाही. आपण ताणकाटा वापरावा. तो प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात सहज मिळतो.

किंगपिन ठीक निघाले तर टायर जमिनीवर टेकवा. आतल्या माणसाला स्टेअरिंग थोडंसंच डावी-उजवीकडे हलवत राहायला सांगा आणि तुम्ही खाली आडवे व्हा. प्रत्येक सांध्यावर आळीपाळीने हात ठेवा. पिटमन आर्म हलला त्या क्षणी ड्रॅग लिंक हलली का? ड्रॅग लिंक हलली त्या क्षणी पुढचा भाग हलला का? डोळ्याला जे दिसत नाही ते तळहाताला कळतं. विलीज आणि सीजे ३बी यांच्यात मध्ये बेल क्रँक नावाचा एक तुकडा असतो, जो ड्रॅग लिंकची ओढ दोन टाय रॉडांना वाटून देतो. त्याच्या पिनवर ग्रीस निपल असतो, पण तो चिखलाने भरून गेलेला असल्यामुळे वर्षानुवर्षं कुणी ग्रीस देत नाही. पिन आणि बुश झिजले की बेल क्रँक वर-खाली डुलतो. लेथवर नवा बुश बनवून घेता येतो, पण पिनही अंडाकृती झालेली असते, तेव्हा दोन्ही एकदम करा. नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दुरुस्तीचा संच मिळाला तर उत्तमच.

स्टेअरिंग बॉक्सचा ॲडजस्टिंग स्क्रू पिळायला लोक सगळ्यात आधी धावतात. बॉक्समधल्या प्लेमुळे गाडी भरकटते, चाकं नाचवणारा दोष बहुधा त्याच्या पुढे, ॲक्सलच्या बाजूला सापडतो. स्क्रूला हात शेवटी.

आता पाटे. किंगपिनचं वरचं टोक किंचित मागे झुकलेलं असतं, त्याला कॅस्टर म्हणतात. विलीजच्या मॅन्युअलमध्ये तो ३ अंश दिलाय. त्यामुळे टायर किंगपिनच्या रेषेच्या मागून ओढला जातो आणि आपोआप सरळ होत राहतो. आपल्याकडच्या बऱ्याच जीपगाड्यांनी वडापचे दिवस काढलेत. तेव्हा मागे जादा पाटे घातले गेले, ते तसेच राहिले. आज ती गाडी हौसेची झाली, मागे माणसं बसत नाहीत, मागची बाजू उंच आणि नाक खाली. नाक खाली गेलं की कॅस्टर कमी होतो. पेट्रोल इंजिन काढून जड डिझेल इंजिन बसवलं असेल तर पुढचे पाटे दबून त्यात आणखी भर. पुढे उंची मिळावी म्हणून लांब शॅकल टाकणाऱ्यांच्या बाबतीतही बहुतेक वेळा हेच होतं. शॅकलचे बुश, यू-बोल्ट आणि पाट्यांचा सेंटर बोल्ट यांच्यावर एक पाना फिरवा. सेंटर बोल्ट तुटलेला असेल तर ॲक्सल पाट्यावर सरकतो आणि वरून काहीच दिसत नाही.

राहिले टायर. पत्र लिहिणाऱ्यांना हे आवडणार नाही, तरी सांगतो. ३१ इंची टायरवर स्पीडोमीटर पंचावन्न दाखवतो तेव्हा जीप प्रत्यक्षात साठच्या घरात असते. टायर जड झाला म्हणजे नाचणारं वजन वाढलं. रिम बाहेर निघाली म्हणजे किंगपिनची रेषा जमिनीला जिथे भिडते तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर वाढलं, आणि प्रत्येक खड्डा आता तेवढ्या लांब तरफेने टाय रॉडवर घाव घालतो. जे बेअरिंग सहाशे-सोळावर आणखी दहा वर्षं कुरकुरलं नसतं, ते या रिमवर एका पावसाळ्यात बोलायला लागतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि गाडीत मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली कडक भूमिका घेतली आहे. माझं मत विचाराल तर सह्याद्रीत सहाशे-सोळाच्या अरुंद टायरने जे जमत नाही, असं फार थोडं आहे. अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो.

रस्त्यावर वॉबलिंग सुरू झालंच तर ब्रेक जोरात मारू नका. स्टेअरिंग घट्ट धरा, पण त्याच्याशी झुंजू नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि वेग चाळीसच्या खाली उतरू द्या. लय तुटली की चाकं शांत होतात.

तेव्हा कोल्हापूरकर, क्रम असा ठेवा: आधी रिम धुवा, मग ब्रेकची युक्ती, मग किंगपिन. डॅम्पर काढूनच चालवून बघा, म्हणजे गाडी खरं बोलेल. सगळे सांधे घट्ट झाल्यावर त्यावर डॅम्पर लावायला माझी हरकत नाही. काय निघालं ते जरूर कळवा, विशेषतः कपावरच्या रेघा.

ट्रान्सफर केस पुढच्या आठवड्यात. तोवर एक काम करून ठेवा. गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवून सकाळी गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, दोन्हींचे लेव्हल प्लग उघडा आणि तेल कुठवर आहे ते लिहून ठेवा. एकात कमी आणि दुसऱ्यात भरून वाहतंय असं दिसलं तर लगेच तेल ओतू नका. ते एकातून दुसऱ्यात कसं जातं, तिथूनच सुरुवात करायची आहे.