जुनी डिझेल गाडी : आधी थांबवा, मग पळवा!

"इंजिनाची ताकद कशी वाढवायची?" असा प्रश्न मेसमध्ये टाकून बघा. दहापैकी नऊ जण "टर्बो!" म्हणून मोकळे होतील. उत्तर चूक नाही. पण कुठल्या इंजिनाला, आणि कितव्या क्रमांकावर, हे विचारलं की सगळे ताटात बघायला लागतात. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

मी आपल्याच मेकॅनिकल विभागाचा जुना विद्यार्थी. नोकरीनिमित्त सध्या कॅनडात व्हँकूव्हरला असतो. माझ्या एका पंजाबी सहकाऱ्याने जपानहून १९९४ची टोयोटा लँडक्रूझर आणवली. मॉडेल एचझेडजे ७७, डिझेल, फोर बाय फोर. बायको आणि दोन मुलांना घेऊन त्याला उत्तरेला युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सपर्यंत जायचं होतं. जाऊन-येऊन पाचेक हजार किलोमीटर, त्यात बरीचशी वाट जंगलातली. तिथे मोबाइलला रेंज नसते आणि पुढचा पंप कधी कधी शंभर किलोमीटरवर असतो. पैसे मात्र मोजके! टर्बो किट घेतलं तर बाकीच्या कामांना काही उरत नव्हतं. एका गॅरेजवाल्याने तर "आधी टर्बो बसवा, बाकीचं नंतर बघू" असं सांगूनही टाकलं होतं. मग शनिवार-रविवार आम्ही दोघे त्या गाडीखाली उताणे.

जपानी लोक चांगली गाडी विकतात कशाला?

जपानमध्ये खासगी गाडीची 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या गाडीची तीन वर्षांनी, नंतर दर दोन वर्षांनी. ती महाग पडते. शिवाय १९९२मध्ये तिथे गाड्यांच्या नायट्रोजन ऑक्साइडवर मर्यादा घालणारा कायदा आला आणि २००१च्या दुरुस्तीने त्यात धुरातले कणही आले. टोकियो, ओसाका, नागोया भागांत जुन्या डिझेल गाड्यांची नोंदणी ठराविक मुदतीनंतर चालू ठेवता येईना. त्यामुळे धडधाकट गाड्या लिलावात आल्या. कॅनडात पंधरा वर्षं उलटलेली गाडी आणता येते, अमेरिकेत पंचवीस. भारतात तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी आणता येत नाही, तेव्हा स्वप्नं आवरा!

लिलावाच्या कागदावर गाडीचं चित्र असतं आणि त्यावर अक्षरं. 'ए' म्हणजे ओरखडा, 'यू' म्हणजे पोचा, 'एस' म्हणजे 'साबी', जपानीत गंज. 'सी' दिसला की गंजाने पत्रा खायला सुरुवात केली असं समजायचं.

आधी सांगाडा

जपानच्या बर्फाळ भागात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तिथल्या गाड्या खालून सडतात. चासीची पेटी आतून गंजते आणि वरून काळा रंग मारला की छान दिसते. उपाय फुकटचा आहे, हातोडी. चांगला पत्रा टण्ण वाजतो, सडलेला भद्द. आम्हाला मागच्या स्प्रिंगच्या टेकूपाशी असा भद्द आवाज सापडला. तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायला टर्बोसाठी ठेवलेल्या पैशातला मोठा वाटा गेला. सहकाऱ्याचा चेहरा पडला. पण भरल्या गाडीत चासी वाकली तर टर्बो घेऊन करायचं काय?

मग ब्रेक, टायर आणि दिवे

डिझेल इंजिनाला हवा अडवणारा थ्रॉटल नसतो, म्हणून ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम आयता मिळत नाही. त्यासाठी वेगळा पंप असतो. तो थकला की पेडल दगडासारखं होतं. पंप, होज आणि ब्रेकचं जुनं तेल आधी बघायचं.

सहकाऱ्याला मोठे टायर हवे होते. ३० इंची जागी ३३ इंची म्हणजे व्यास दहा टक्के जास्त. गिअरिंग दहा टक्के उंच होतं, म्हणजे चढावर ओढ तेवढी कमी. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ने पळते. आणि तेवढाच ब्रेक लागायला ब्रेकवर दहा टक्के जास्त टॉर्क येतो. दिसायला रुबाबदार, पण हिशेब तोट्याचा! मूळ मापाचेच टायर राहिले.

हेडलाइटही बदलले. जपानमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालतात, त्यामुळे डिपरचा झोत डावीकडे वर उचललेला असतो. कॅनडात तो थेट समोरच्याच्या डोळ्यात जातो.

चोवीस व्होल्टची गंमत

या मालिकेतल्या बऱ्याच जपानी डिझेल गाड्या २४ व्होल्टच्या असतात. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये. तेवढ्याच वॉटला करंट निम्मा लागतो आणि त्याच वायरीत उष्णतेचा तोटा चौथाई होतो. थंडीत स्टार्टरला हे बरं. पण रेडिओसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले, तर ती एकटी उतरत राहते आणि दुसरी ओव्हरचार्ज होते. दोन्ही अकाली मरतात. योग्य मार्ग म्हणजे २४चे १२ करणारा कन्व्हर्टर.

आणि शेवटी टर्बो

या गाडीचं इंजिन '१ एचझेड'. सहा सिलिंडर, बोअर ९४ मिमी, स्ट्रोक १०० मिमी. गुणाकार करा, ४१६४ सीसी येतात. टर्बो नाही. डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जाता डोक्यातल्या छोट्या प्रीचेंबरमध्ये पडतं, आणि कॉम्प्रेशन रेशो साधारण २२ला १.

आता थोडं थर्मो, कंटाळू नका! एक किलो डिझेल पूर्ण जाळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. डिझेल इंजिन त्याहून बरीच जास्त हवा घेऊन चालतं आणि ही जादा हवा उष्णता वाटून घेते. पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवलं की हवेची ही सवलत कमी होते आणि तापमान चढतं. काळा धूर म्हणजे ताकद नव्हे, अर्धवट जळालेले पैसे!

टर्बो जास्त हवा देतो हे खरं. पण टर्बो लावून डिझेल न वाढवणारा माणूस मी अजून पाहिला नाही. २२ला १ दाबणाऱ्या इंजिनात बूस्ट घातला की हेड गॅस्केट आणि बेअरिंगवरचा भार वाढतो, आणि प्रीचेंबरच्या अरुंद तोंडापाशी तडे जाण्याची भीती असते. टोयोटाला स्वतःला याच ४१६४ सीसीत टर्बो हवा होता, तेव्हा त्यांनी '१ एचडी-टी' हे वेगळं इंजिन काढलं. इंजेक्शन थेट सिलिंडरमध्ये आणि रेशो १८.६वर आणलेला. कंपनी हेड-पिस्टन बदलते आणि आपण चार बोल्टांत काम उरकायला बघतो!

म्हणून आम्ही टर्बो लावला नाही. टायमिंग बेल्ट, थर्मोस्टॅट, रेडिएटर होज, इंजेक्टर आणि डिझेल पंपाची कडक झालेली सील बदलली. सहा सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजलं. नुसता आकडा किती यापेक्षा सहा आकड्यांत फरक किती, हे बघायचं. फरक किरकोळ निघाला आणि जीव भांड्यात पडला. जुलैमध्ये मंडळी व्हाइटहॉर्सला जाऊन आली. चढावर ट्रकमागे रांगत गेली म्हणे, पण एकदाही टो करावी लागली नाही.

उद्या कुणाला टर्बो लावायचाच असेल, तर बूस्ट माफक ठेवा आणि एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर टर्बोच्या अलीकडे बसवा. पलीकडे बसवला तर आकडा शंभरेक अंशांनी कमी दिसतो आणि फसवतो. सातशे अंशांच्या आसपास पाय उचलायचा, असा तिथल्या मेकॅनिकांचा दंडक.

तुमच्यापैकी अनेकांच्या गावी शेडमध्ये एखादी जुनी डिझेल जीप उभी असेल. सुट्टीत हात घालाल तेव्हा क्रम हाच ठेवा : सांगाडा, ब्रेक, कूलिंग, डिझेल, वायरिंग, आणि सगळ्यात शेवटी ताकद. पहिल्या दिवशी पाना नाही, हातोडी घेऊन खाली शिरा. आणि हो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. स्टँड लावा!