चर बुजवले, दलदल वाचली

पाणथळ रानात चर काढा, निचरा करा, असे आम्ही नेहमी सांगतो. आयर्लंडमधल्या अ‍ॅबीलीक्सच्या लोकांनी मात्र चर बुजवायचे ठरवले, आणि ते बरोबरच होते.

गावाला लागून तिथे पीटची दलदल आहे. पीट म्हणजे पाण्याखाली पुरते न कुजता हजारो वर्षे साचलेले शेवाळ. (आपल्या रोपवाटिकेतले कोकोपीट वेगळे, तो काथ्याचा भुसा.) थर वाढतो वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर. चरांनी पाणी उतरले की आत हवा शिरते, पीट कुजते, जमीन खचते, साठलेला कार्बन हवेत जातो.

२००० साली पीट काढायला यंत्रे आली, तेव्हा गावकरी आडवे गेले. २००९ मध्ये चरांत पिटाचेच बांध पडले. बांधाला ओले, दाबलेले पीटच लागते. सुक्यातून पाणी पाझरते. पुढची चिकाटीची कामे स्वयंसेवकांची: पाणी शोषणारी झाडझुडपे काढणे, देखरेख ठेवणे.

पाणी जमिनीखाली चार बोटांवर टिकले की शेवाळ पुन्हा धरते. मग तेच पाणी राखते, वाळल्या वजनाच्या वीसपटीपर्यंत.

आपल्या उसातले चर मात्र बुजवू नका!