मधुमेह्यासाठीं नाताळचा केक

आमच्या वज्रेश्वरींत नाताळ आला म्हणजे घरांतील मधुमेही आजोबांची बशी रिकामीच ठेवावी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मात्र साखर गाळली कीं केक निरुपद्रवी झाला, हा भ्रम होय. मैद्याचीही पोटांत शर्कराच होते. गूळ व मध हीं तर साखरेचींच भावंडें. १८७९ सालीं सांपडलेलें सॅकरिन गोडी देतें, परंतु साखरेप्रमाणें केकास ओलावा व हलकेपणा देत नाहीं. म्हणून मैद्याऐवजीं बदामाचें पीठ घ्यावें, अंड्यांतील पांढरा भाग फेंसून हलक्या हातानें मिसळावा, आणि वर बिनसाखरेचा चक्का पसरून थोडे डाळिंबाचे दाणे मांडावेत. तुकडा लहान असावा व डॉक्टरांस विचारून जेवणाच्या हिशेबांत धरावा. मुलांनो, यंदा हा केक तुम्हींच करा. आजोबांस पंक्तींतून उठावें लागूं नये.