‘पित्त झालंय’ म्हणजे नेमकं काय झालंय? आंबट, कडू आणि अंगावरचं : एका शब्दात तीन वेगळे त्रास

बेळगाव : आपल्याकडे छातीत जळजळलं की पित्त, डोकं चढलं की पित्त, उलटी झाली की पित्त आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. बेळगाव-खानापूरपासून इंदूर-बडोद्यापर्यंत कुठल्याही मराठी घरात ‘पित्त झालंय’ म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. कुणी आमसूल काढतं, कुणी थंड दूध देतं, कुणी मेडिकलमधून गोळी आणतं.

घरात हे चालून जातं. अडचण येते ती दवाखान्यात. सीमाभागात डॉक्टर कन्नड बोलणारे असतात, इंदूरला हिंदी, बडोद्याला गुजराती. त्यांच्यासमोर ‘पित्त’ एवढाच शब्द ठेवला तर त्यातून पोटातली कुठली जागा समजायची? शिवाय आपण जी ‘पित्ताची गोळी’ घेतो, ती खऱ्या पित्तावर कामच करत नाही. हे कसं, ते समजायला घास तोंडातून कुठल्या रस्त्याने जातो ते आधी बघावं लागेल.

तोंड ते जठर

भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो. लाळेतला पाचकरस भाकरीतल्या पिठूळ भागाचे तुकडे करून त्याची साखर करायला लागतो, म्हणून ती गोडी. पचन सुरू होतं ते इथेच. दिवसाला साधारण एक ते दीड लिटर लाळ तयार होते.

गिळलेला घास सुमारे २५ सेंटीमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून खाली जातो. तो आपोआप पडत नाही. नळीचे स्नायू मागून आवळत त्याला पुढे ढकलतात. म्हणून आडवं झोपून खाल्लं तरी घास पोटातच जातो. अन्ननलिका संपते तिथे स्नायूंची एक कडी असते. घास आला की ती उघडते आणि लगेच मिटते.

त्या कडीखाली जठर. इथे हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. ते चांगलंच तीव्र असतं. अन्नाबरोबर आलेले बरेचसे जंतू ते मारतं आणि डाळ, अंडी, मटण यांतली प्रथिनं फोडायला मदत करतं. जठराच्या आतल्या बाजूला चिकट थर असतो, त्यामुळे जठर स्वतः भाजत नाही. अन्ननलिकेला मात्र तसं संरक्षण नाही. कडी सैल पडली आणि आम्ल वर आलं की छातीच्या मधोमध आग होते, घशाशी आंबट पाणी येतं. बोलण्यात आपण यालाच पित्त म्हणतो. प्रत्यक्षात हे जठरातलं आम्ल, म्हणजेच अॅसिडिटी. पित्ताचा यात संबंध नाही.

मग खरं पित्त कुठलं?

खरं पित्त तयार होतं यकृतात. उजव्या बरगड्यांच्या आड असलेला हा सुमारे दीड किलोचा अवयव दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्तरस बनवतो. कन्नड माध्यमात शिकलेल्यांना हे लगेच पटेल, कारण कन्नड पुस्तकांत यकृताचं नावच ‘पित्तजनकांग’, म्हणजे पित्त निर्माण करणारं अंग, असं आहे.

हा रस हिरवट-पिवळा आणि कडू असतो. तो आम्लासारखा जाळत नाही. यकृताखालच्या पित्ताशय नावाच्या छोट्या पिशवीत तो साठतो आणि घट्ट होतो. पिशवीत मावतो जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर. तेल-तूप, लोणी, मटणाचा रस्सा असं स्निग्ध काही लहान आतड्यात उतरलं की पिशवी आवळते आणि पित्त आतड्यात सुटतं. तेलकट भांड्यावर साबण जे काम करतो, तेच पित्त इथे करतं. चरबीचे बारीक थेंब करून देतं, म्हणजे पुढचे पाचकरस ती पचवू शकतात.

रिकाम्या पोटी वारंवार उलट्या झाल्या आणि शेवटी कडू, पिवळं पाणी पडलं, तर ते मात्र खरं पित्त. आंबट असेल तर जठरातलं, कडू-पिवळं असेल तर त्याच्या पुढच्या आतड्यातलं, हा ढोबळ फरक लक्षात ठेवावा. मोठ्या माणसाला पोट फुगून हिरव्या उलट्या होत राहिल्या तर आतडं अडलेलं असू शकतं. तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर एक तासही वाट बघू नये.

आतड्याचा जमाखर्च

जठरातून अन्न पातळ होऊन थोडं-थोडं लहान आतड्यात येतं. इथे स्वादुपिंडाचा रस येऊन मिळतो. तो आधी आम्ल मारतो, मग पिठूळ पदार्थ, प्रथिनं आणि चरबी तिन्ही पचवतो. लहान आतडं साधारण सहा मीटर लांब. त्याच्या आत घड्या आणि मखमलीसारखे लव असतात. ते सगळं पसरलं तर सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे तीनशे चौरस फुटांच्या खोलीएवढी जागा होते. खाल्लेलं रक्तात जातं ते मुख्यतः इथून.

पाण्याचा हिशेब तर बघण्यासारखा आहे. आपण खाण्यापिण्यातून दोन लिटरच्या आसपास पाणी घेतो. शरीर स्वतःचे रस म्हणून आणखी सात लिटर त्यात ओततं. अशा नऊ लिटरांच्या जमेतून शेवटी शौचावाटे बाहेर जातं ते फक्त १०० ते २०० मिलिलिटर. बाकी सगळं लहान आणि मोठं आतडं परत घेतं. हा हिशेब बिघडला की जुलाब, आणि म्हणूनच जुलाबात माणूस इतक्या लवकर सुकतो.

गोळी कशावर चालते?

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या जठरातलं आम्ल तयार होणं कमी करतात. म्हणून त्या साधारणपणे जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगतात. सोडा किंवा गुलाबी-पांढरं औषध आधीच तयार झालेलं आम्ल तेवढ्यापुरतं मारतं. दोन्हींचा यकृतातल्या पित्ताशी संबंध नाही.

डॉक्टरांनी दिलेली गोळी ठरलेले दिवस घेण्यात काही वावगं नाही. पण विचारल्याशिवाय वर्षानुवर्षं रोज घेतली तर शरीरात बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी पडू शकतं. त्याहून मोठा धोका म्हणजे खरा आजार झाकला जातो.

याचं उदाहरण अल्सरचं. तिखट आणि काळजी यांमुळे जठरात जखमा होतात, असं डॉक्टरही पूर्वी मानत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातले रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ च्या सुमारास हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू त्यामागे असल्याचं शोधलं. लोकांना पटेना म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन दाखवला आणि त्यांच्या जठराला सूज आली. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. आज अशा अल्सरवर ठरावीक दिवस अँटिबायोटिक देऊन इलाज करतात. अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या. कंबर-गुडघ्यासाठी त्या रोज घेणारे आपल्या आजूबाजूला कमी नाहीत. (हृदयासाठी सुरू असलेली अॅस्पिरिन मात्र मनाने बंद करू नये.)

पिशवी काढली, तरी जळजळ का?

पित्ताशयात खडे झाले तर दुखणं वेगळं असतं. जड जेवणानंतर, बऱ्याचदा रात्री, उजव्या बरगडीखाली किंवा वरच्या पोटात कळ येते. ती उजव्या खांद्याकडे किंवा पाठीत जाते आणि अर्धा तास ते काही तास राहते. सोनोग्राफीत खडे दिसतात. खडे असूनही अनेकांना कधीच त्रास होत नाही. खडा नळीत अडकला तर डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते आणि शौचाचा रंग पांढुरका पडतो, कारण शौचाला रंग येतो तो पित्तामुळे. सोबत ताप असेल तर लगेच दवाखाना गाठावा.

दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावर बरेच जण विचारतात, ‘पिशवी काढली, तरी पित्त का होतंय?’ उत्तर सोपं आहे. काढली ती यकृताच्या रसाची पिशवी, आणि जळजळ होते ती जठरातल्या आम्लाने. पिशवी नसली तरी यकृत पित्त बनवतच असतं. ते थेट आतड्यात उतरतं आणि पचन चालू राहतं.

अंगावर उठणारं पित्त तर तिसरंच. ती त्वचेची अॅलर्जी, यकृताशी किंवा जठराशी तिचं घेणंदेणं नाही. आमसुलाचं पाणी लावून थंड वाटतं ते ठीक. पण ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडकला तर ताबडतोब हॉस्पिटल.

सगळ्यात महागात पडणारी चूक

छातीत दाब, घाम, धाप, आणि दुखणं डाव्या हाताकडे, पाठीकडे किंवा जबड्याकडे जात असेल, तर ते ‘पित्त’ समजून सोडा पिऊन झोपू नये. हृदयविकाराचा झटका कधीकधी नुसत्या वरच्या पोटातल्या जळजळीसारखा येतो. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत तर लक्षणं आणखी फसवी असू शकतात. इसीजी काढायला काही मिनिटं लागतात. १०८ हा अॅम्ब्युलन्सचा नंबर कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, तेलंगणा सगळीकडे चालतो.

डांबरासारखी काळी शौच (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तरी दाखवून घ्यावं), रक्ताची उलटी, घास अडकणं, विनाकारण वजन उतरणं, यातलं काही असेल तर तपासणी टाळू नये. साध्या जळजळीला मात्र साधे उपाय उपयोगी पडतात. रात्रीचं जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी करावं, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच ठेवावी आणि बिडी-सिगारेट, दारू सोडावी, कारण अन्ननलिकेची कडी त्यांनी सैल पडते.

डॉक्टरांना काय सांगाल?

भाषा कुठलीही असो, पाच गोष्टी सांगा. कुठे दुखतं ते बोट ठेवून दाखवा. केव्हा होतं, जेवणाआधी की नंतर? किती वेळ राहतं? तोंडाशी येतं ते आंबट की कडू? आणि सध्या कुठल्या गोळ्या घेता? शक्य असेल तर गोळ्यांचं पाकीटच सोबत न्या. ‘पित्त’ हा शब्द घरात वापरायला हरकत नाही. दवाखान्यात मात्र बोट ठेवून जागा दाखवलीत, तर डॉक्टरांना तपासणी कुठून सुरू करायची ते लगेच कळेल.