कान ऐकतो म्हणून तोंड बोलते

बाळ बोलायला कशाने शिकते? तोंडाने, असे सगळे म्हणतील. पण आधी ते कानाने शिकते. आईच्या पोटात असतानाच त्याला आवाज ऐकू येऊ लागतात.

सहा-सात महिन्यांचे बाळ बाबाबा, दादादा करते. घरची माणसे म्हणतात, बघा, बाबाला हाक मारतो! खरे तर ते आपलाच आवाज ऐकून बघत असते. आमच्या बाईंनी एक गंमत सांगितली. जपानी भाषेत र आणि ल वेगळे नाहीत. तरी सहा महिन्यांच्या जपानी बाळाला त्यांतला फरक कळतो. मग घरात तो कानावर पडत नाही, म्हणून वर्षाचे होईपर्यंत कळेनासा होतो. आपला ळ पण आपल्याला ऐकून ऐकूनच आला.

माझा धाकटा भाऊ अडीच वर्षांचा झाला तरी दोनच शब्द बोलायचा. आजी म्हणायची, मुलगे उशिराच बोलतात. तिने वेखंड उगाळून चाटवले. ताट पडले की तो दचकायचा, म्हणून सगळे म्हणत, ऐकू येतंय की! पण ताटाचा आवाज केवढा मोठा. बोलताना स, श, फ यांचा आवाज फार बारीक असतो. तो त्याला ऐकूच येत नव्हता. साप म्हटले तर नुसते 'आप' ऐकू जायचे. कानात गेलेच नाही ते जिभेवर कुठून येणार? जीभ तर चांगली आहे, चिंच खाताना मटामट वाजवतो.

अंगणवाडीच्या ताईंनी मागून हळू हाक मारली, तेव्हा तो वळला नाही. समोरून मारली तर तोंडाकडे बघून हसला. मग जिल्ह्याच्या गावी नेऊन कान तपासले. त्यात वडिलांची दोन दिवसांची मजुरी बुडाली. आता त्याच्या दोन्ही कानांना यंत्र आहे.

लोक विचारतात, यंत्र लावलं तरी बोलत का नाही? अहो, साधे बाळसुद्धा आधी वर्षभर नुसते ऐकते! म्हणून मी त्याच्यासमोर बसून वस्तू दाखवून बोलतो. तेव्हा टीव्ही बंद ठेवतो, कारण यंत्र टीव्हीचाही आवाज मोठा करते.

पालकांनो, तान्ह्या बाळाचाही कान तपासता येतो. बाळ झोपलेले असले तरी चालते, दुखत नाही. आणि कान फुटला तर तेल घालू नका, दवाखान्यात न्या. कान वाहिल्यानेही कमी ऐकू येते.

भावाचे आता अकरा शब्द झाले. मी वहीच्या मागच्या पानावर लिहितो. शेळीला तो 'एळी' म्हणतो. तो बारावा धरायचा का, यावर माझे आणि ताईचे भांडण चालू आहे.