गर्दची ओढ आणि माणसाचा वंश

आर्वीच्या आमच्या महाविद्यालयात तास संपल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, काही लोकांच्या रक्तातच व्यसन असते, हे खरे का?" त्याने समाजाचे नावही घेतले. वर्गात हशा पिकला. त्याच समाजाचा एक मुलगा मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता, हे मात्र कोणी पाहिले नाही. मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. उत्तर शोधताना मला आपला तराजूच उपयोगी पडला.

हेरॉईन हे अफूतील मॉर्फिनपासून बनते. ते प्रथम १८७४ साली लंडनमध्ये तयार झाले, आणि १८९८ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने ते चक्क खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले! १९८०च्या दशकात मुंबईच्या गल्ल्यांत पसरलेली 'गर्द' किंवा 'ब्राऊन शुगर' म्हणजे त्याचीच अशुद्ध भुकटी. मेंदूतील मज्जापेशींवर मॉर्फिन नेमके जाऊन बसेल अशा जागा असतात. त्यांना 'ग्राही' म्हणतात. त्या १९७३ साली सापडल्या. पण अफूसाठी मेंदूत जागा कशाला? १९७५ मध्ये उलगडा झाला : वेदना शमवण्यासाठी मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्ये तयार करतो. त्या जागा मुळात त्यांच्यासाठी आहेत.

आता तराजू घ्या. एका पारड्यात कोणी रोज बाहेरून वजन टाकू लागले, तर तोल राखण्यासाठी शरीर दुसऱ्या पारड्यात वजन वाढवते. म्हणून तेवढ्याच नशेसाठी मात्रा वाढवावी लागते. एके दिवशी गर्द न मिळाल्यास पहिले पारडे रिकामे होते, दुसरे मात्र भरलेलेच! मग सारे उलटे होते. सुस्तीच्या जागी तगमग, निर्धास्तपणाच्या जागी भीती, चिडचिड, निद्रानाश. अंगावर काटा येतो, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते. शरीराचे हे हाल आठवडा-दहा दिवसांत बरेचसे ओसरतात. मनाचे ओसरत नाहीत. महिनोन्महिने कशातच गोडी वाटत नाही.

हा तराजू मराठी, चिनी, आफ्रिकी, युरोपीय अशा सर्वांच्या मेंदूत एकसारखाच आहे. ग्राहीच्या जनुकाचा एक प्रकार आशियात युरोपपेक्षा अधिक आढळतो, हे खरे. पण त्यावरून कोण व्यसनी होईल हे सांगता येत नाही.

फरक पडतो तो सांगण्यात. मुंबई-पुण्याचे गर्दुल्ले या हालांना 'टर्की' म्हणतात. हा शब्द इंग्रजी बोलीतून आला. "उदास वाटते का?" असे विचारले तर आपल्याकडचा रोगी पुष्कळदा "नाही" म्हणतो. "अंग मोडून येते, छातीत धडधडते, जीव लागत नाही" असे मात्र तो आपण होऊन सांगतो. दुखणे तेच, बोली निराळी.

आणि व्यसनींची संख्या? ती परिस्थितीप्रमाणे बदलते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील अफूच्या व्यसनींत औषधातून सवय लागलेल्या गोऱ्या मध्यमवर्गीय स्त्रिया फार होत्या. पुढच्या शतकात तेच व्यसन काळ्या वस्त्यांच्या नावे मांडले गेले. व्हिएतनाम युद्धात १९७१ च्या सुमारास अमेरिकी सैनिकांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा हेरॉईनच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्यांचा मागोवा घेतला. मायदेशी पहिल्या वर्षात त्या व्यसनींपैकी शेकडा ५ च्या आसपासच पुन्हा त्यात अडकले! रक्त तेच होते. बदलली होती ती जागा, सोबत आणि सहज मिळणारी पुडी.

आपल्या मुलांच्या नशिबी असे विमान नसते. डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. तेथे सधन घरांतली मुले आली, तशी झोपडपट्टीतलीही आली. उपचारानंतर मुलगा परततो तो त्याच गल्लीत. ज्या चंदेरी कागदावर तो गर्द ओढत असे, तसा कागद नुसता सिगारेटच्या पाकिटात दिसला तरी मेंदू जुन्या सवयीने ओढ जागवतो. छाती धडधडते, तळहात घामेजतात. पुडी अजून कोणी दाखवलेलीही नसते.